तीन नद्यांची फारकत

जपानातल्या नागोया शहराच्या पश्चिमेला नोबीचं मैदान आहे. तिथल्या जुन्या शेतकऱ्याच्या घरात शिरलं की आधी वर बघावं. ओसरीच्या तुळयांना एक लांबट होडी टांगलेली असायची. ती पुरासाठी. देव्हाऱ्यालाही दोर आणि कप्पी. पाणी उंबऱ्याच्या आत आलं की वाडवडिलांच्या नावाच्या पाट्यांसकट देव्हारा माळ्यावर ओढून घ्यायचा. परसात दगडी जोतं रचून त्यावर आणखी एक घर, 'मिझुया', म्हणजे पाण्याचं घर. त्यात तांदूळ, लोणची, अंथरुणं, पुराचे दिवस काढण्यापुरतं सगळं. मिझुया बांधण्याची ऐपत नसलेल्यानं गावाच्या सामाईक टेकाडावर पळायचं. त्या टेकाडाला म्हणत 'जोम्योदान', जीव वाचवायचा ओटा.

पूर हा जिथं घराच्या आराखड्यातच धरलेला असतो, अशा ठिकाणी बाहेरून येऊन काही सुधारणा सुचवायची म्हणजे अवघड काम. १८७८ साली ते योहानिस द रायके या डच माणसाकडे आलं. त्याच्या हातात अभियांत्रिकीची पदवी नव्हती आणि जपानी सरकारच्या वहीत त्याचा दर्जा चौथ्या श्रेणीचा होता. किसो, नागारा आणि इबी या तीन नद्यांचं हे प्रकरण पुढं चौतीस वर्षं चाललं. द रायकेचं नाव जपानात आजही घेतलं जातं ते मुख्यतः यामुळे. ते नाव किती घ्यावं आणि कुठं थांबावं, हे बघायचं तर आधी नद्यांचं दुखणं समजून घ्यावं लागतं.

दुखणं

किसो २२९ किलोमीटर लांब, नागारा १६६, इबी १२१. तिघी उत्तरेच्या डोंगरातून उतरतात आणि एकाच मैदानातून इसे उपसागराला मिळतात. त्या काळी खालच्या टप्प्यात त्या वेगळ्या नव्हत्याच. एकीचा फाटा दुसरीत, दुसरीचा तिसरीत, मध्ये बेटं, बेटांभोवती बांध, असा सगळा गुंता होता.

त्यात मैदान सपाट नाही, कललेलं आहे. पश्चिमेच्या कडेला योरो डोंगराच्या पायथ्याशी भूपट्टातला प्रस्तर भंग आहे आणि जमीन त्या बाजूला युगानुयुगं खचत आली आहे. त्यामुळे पूर्वेच्या किसोचं पात्र सगळ्यांत उंच, नागाराचं त्याखाली आणि पश्चिमेच्या इबीचं सगळ्यांत खाली. किसो फुगली की तिचं पाणी शेजारणींच्या अंगावर जाणार, हे ठरलेलं.

स्थानिक लोकांच्या तोंडी तीन आकडे होते : चार, आठ, बारा. हे आकडे जुन्या जपानी प्रहरांचे आणि एक प्रहर साधारण दोन तासांचा. डोंगरात पाऊस झाला की इबीचा पूर चार प्रहरांत येतो, नागाराचा आठ प्रहरांत, किसोचा बारा प्रहरांत. म्हणजे सगळ्यांत खालची नदी सगळ्यांत आधी भरते. तिचं पाणी उतरायला लागावं तर नागाराचं येऊन थडकतं, ते ओसरावं तर किसोचं. इबीकाठच्या गावाला एकाच पावसाचे तीन पूर. जलविज्ञानाचं अख्खं प्रकरण लोकांनी तीन आकड्यांत बसवलं होतं. मोजणीच्या साखळ्या घेऊन आलेल्या माणसांना त्यात फार मोठी दुरुस्ती करावी लागली असेल असं मला वाटत नाही.

या पाण्यात टिकून राहण्यासाठी गावांनी स्वतःभोवती कडं केलं. शेतं, घरं, देवळं सगळी आत आणि भोवती मातीचा गोल बांध. याला म्हणतात 'वाजू'. गोव्यातली खाजणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र लगेच कळेल, फक्त तिथं खाडीचं खारं पाणी अडवायचं असतं आणि इथं नदीचं गोडं. वाजू आतल्यांना एक करतो आणि बाहेरच्यांशी भांडण लावतो. माझा बांध हातभर उंच झाला की माझं पाणी तुझ्याकडे वळतं.

ही भांडणं गावापुरती राहिली नाहीत. १६०९ मध्ये ओवारी संस्थानानं किसोच्या डाव्या काठानं एक लांबलचक भक्कम बांध घातला. ओवारी हे तेव्हा जपानवर सत्ता असलेल्या तोकुगावा शोगुनांच्या घराण्याच्याच शाखेचं संस्थान, त्यामुळे त्यांना विचारणार कोण? पलीकडच्या मिनो प्रांताचे बांध ओवारीच्या बांधापेक्षा तीन शाकु, म्हणजे जवळजवळ तीन फूट, खाली असले पाहिजेत असा दंडक होता, असं परंपरेनं सांगतात. दंडक कागदावर असो वा नसो, पाण्यानं तो पाळला. पूर्वेची बाजू सुरक्षित झाली आणि पुराचा सगळा भार पश्चिमेवर पडला.

१७५३ च्या अखेरीस शोगुनशाहीनं नद्या सोडवण्याचं काम सात्सुमा संस्थानावर लादलं. सात्सुमा म्हणजे जपानचं पार दक्षिण टोक, या नद्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पण बलवान संस्थानाला खर्चात पाडून वाकवायचं, ही त्या राजवटीची जुनी रीत होती. ९४७ माणसं तिथून आली, सोन्याच्या नाण्यांत सुमारे चार लाख र्‍यो खर्च झाले, ऐंशीहून जास्त माणसं मेली, काही रोगानं तर बरीच स्वतःच्या हातानं. १७५५ मध्ये काम तपासून झालं आणि प्रमुख कारभारी हिराता युकिए यानंही प्राण सोडले. पोट चिरून, असं सात्सुमाची परंपरा सांगते. त्यांनी बांधावर लावलेल्या पाइनची रांग आजही उभी आहे. पूर मात्र थांबले नाहीत.

द रायके या गुंत्यात शिरला तेव्हा नदीचं पात्र होतं तसंच होतं, राज्य तेवढं बदललं होतं. १८७१ मध्ये संस्थानं खालसा झाली. ओवारीचा बांध आणि मिनोचा बांध आता एकाच सरकारच्या दप्तरात आले. नद्या वेगळ्या करा असं आधी कोणी म्हटलं असतं तरी कुणाच्या हद्दीतून नवं पात्र काढायचं यावरच ते अडलं असतं.

चौथ्या श्रेणीचा माणूस

द रायकेचा जन्म ५ डिसेंबर १८४२ चा, झेलंड प्रांतातल्या कोलाइन्सप्लाट या खेड्यातला. झेलंड म्हणजे समुद्रात विखुरलेली बेटं आणि बेटांभोवती बांध. हे खेडं कसं आहे ते सांगायला एकच गोष्ट पुरे. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात तिथल्या बंधाऱ्यावरच्या फळ्या लाटांनी वाकायला लागल्या, तेव्हा गावातल्या पुरुषांनी त्या स्वतःच्या पाठी लावून धरल्या. तेवढ्यात एक सुटलेलं जहाज आडवं येऊन लाटांच्या वाटेत पडलं आणि गाव वाचलं. 'धरून ठेवा, पोरांनो' या अर्थाचे शब्द कोरलेलं स्मारक तिथं आहे. हे द रायकेनंतर चाळीस वर्षांनी घडलं, पण माणूस कुठल्या मातीतला ते यावरून कळतं.

बाप बांधावर राबणारा आणि थोडी गुरं राखणारा. पोराला वरचं शिक्षण देणं शक्य नव्हतं. पण पाण्याच्या कामावरचा याकोबुस लेब्रेट नावाचा अभियंता होता, त्यानं या मुलाला गणित आणि पाण्याचं शास्त्र शिकवलं. पुढे द रायके ॲमस्टरडॅमजवळच्या ओरान्ये जलपाशांच्या (दारं लावून पाण्याची पातळी वरखाली करत बोटी पलीकडे नेणाऱ्या कुंडांच्या) बांधकामावर देखरेख करू लागला. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या भाषेत ओव्हरसीअर. चिखलात उभा राहून काम करून घेणारा आणि साहेबाच्या नकाशावर सही न करणारा.

शोगुनांनंतर आलेल्या मेजी सरकारनं तेव्हा विद्या विकत घेण्याचा सपाटा लावला होता. रेल्वेसाठी इंग्रज आणि पाण्यासाठी डच. १८७२ मध्ये कोर्नेलिस फान दोर्न मुख्य अभियंता म्हणून आला. त्यानं माणसं मागवली आणि सप्टेंबर १८७३ मध्ये गेओर्ग आर्नोल्ड एशर पहिल्या श्रेणीचा अभियंता म्हणून व द रायके चौथ्या श्रेणीचा म्हणून ओसाकाला पोचले. एशर पदवीधर आणि चांगल्या घरातला. जिने वर जातात की खाली येतात तेच कळू नये अशी चित्रं काढणारा चित्रकार एशर, तो याचाच मुलगा. दोघांच्या हुद्द्यांत आणि घराण्यांत अंतर असलं तरी मैत्री टिकली. एशर १८७८ मध्ये परत गेल्यावरही पत्रं चालू राहिली, आणि द रायकेबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं बरंच त्या पत्रांतून आलेलं आहे.

पहिली कामगिरी ओसाकाच्या योदो नदीवर. तिथं त्यानं आपल्या गावची दोन हत्यारं आणली. एक 'झिंकस्टुक', काटक्यांची गादी. झुडपांच्या लवचीक फांद्यांच्या लांब जुड्या बांधायच्या, त्या उभ्या-आडव्या अंथरून चौकटी करायच्या, मधे आणखी काटक्या भरायच्या, वरून पुन्हा चौकटी बांधायच्या. खाटेएवढ्या उंचीची ही अजस्र चटई पाण्यावर तरंगत जागेवर न्यायची आणि चहूबाजूंनी होड्यांतून दगड टाकत हळूहळू बुडवायची. दगड एका बाजूला जास्त पडले की चटई कलंडते, म्हणून मुकादमाच्या हाकेवर सगळ्यांनी एकदमच टाकायचे. तळाला बसली की ती तळाच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकते आणि वरच्या दगडांखालची वाळू निसटू देत नाही. पाण्याखाली कायम बुडालेलं लाकूड कुजत नाही, ही यातली मेख. लोखंड नको, सिमेंट नको, गावचा लाकूडफाटा आणि गावची माणसं पुरेत. नुकत्याच उठू लागलेल्या देशाला याहून स्वस्त सौदा मिळाला नसता.

दुसरं हत्यार म्हणजे काठापासून नदीत आडवे काढलेले दगडी दांडे. डचमध्ये त्याला 'क्रिब' म्हणतात आणि जपानी जिभेवर तो 'केरेप्पु' झाला. दांड्यांमुळे प्रवाह मध्यभागी आवळला जातो आणि स्वतःची वाट स्वतःच खोल करतो. ओसाका ते फुशिमी वाफेच्या बोटी चालाव्यात एवढी खोली राखायची होती. दांड्यांच्या मधल्या शांत पाण्यात पुढे गाळ साचला, झाडोरा वाढला, डबकी झाली. त्या डबक्यांना 'वांदो' म्हणतात आणि 'इतासेन्पारा' नावाचा दुर्मीळ लहान मासा तिथं सापडतो. ही काही द रायकेच्या आराखड्यातली गोष्ट नव्हे.

बोडके डोंगर

इथपर्यंतचं काम कुठल्याही चांगल्या डच ओव्हरसीअरनं केलं असतं. योदोवर काम करताना द रायकेच्या लक्षात आलं की पात्र खोल करावं तर पुढच्या पावसाळ्यात वाळू परत हजर. मग तो वाळूच्या मागे वर गेला. तिथला प्रदेश त्यानं पायी पाहिला : योदोच्या उपनद्यांच्या उगमाकडचे डोंगर, शेकडो वर्षं राजधान्या, देवळं आणि चुली यांच्यासाठी तोडून बोडके झालेले. ग्रॅनाइटचा भुसा झालेली ती माती पहिल्या सरीलाच सुटायची.

नेदरलंड्सच्या युरोपातल्या भूमीवरचं सगळ्यांत उंच ठिकाण ३२२ मीटरचं. झेलंडमध्ये तर टेकडीही नाही. पाण्याशी कसं भांडावं हे त्या देशाला ठाऊक होतं, पण डोंगराशी त्याचा संबंधच आला नव्हता. तेव्हा द रायकेचं डोंगर चढणं म्हणजे आपलं ज्ञान जिथं संपतं तिथून पुढं चालत जाणं. शिवाय डोंगर धरून ठेवायची विद्या जपानी गावांकडे आधीपासून होती : उतारावर पायऱ्या काढणं, गवताच्या पेंढ्या रोवणं, पाइनची रोपं लावणं. द रायकेनं ती उचलली आणि ओढ्यांवर लहान-लहान दगडी बांध घालून तिला जोड दिली. याला जपानी शब्द 'साबो', वाळू रोखणं. आज जगभरचे अभियंते हाच शब्द वापरतात. बरेच लोक साबोचा जनक म्हणून द रायकेचं नाव घेतात. मला ते पटत नाही. वरच्या डोंगरात झाडं लावणं आणि खालच्या बंदरातला गाळ काढणं हे एकाच कामाचे दोन भाग आहेत, हे अहवालामागून अहवाल लिहून सरकारच्या गळी उतरवणं, हे त्याचं खरं काम. आपल्याकडे म्हणतात तसं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार चालला होता.

१८७८ च्या सुरुवातीला तो किसोवर आला तेव्हा हीच नजर घेऊन आला. पाहणी करून त्यानं दिलेल्या अहवालात बांधांच्या आधी जंगलतोड आहे. वरची तोड थांबवा, सुटलेले उतार धरा, मग खाली नद्या वेगळ्या करा. नाहीतर आज खणलेलं नवं पात्र उद्या वाळूनं भरेल.

अहवाल गेला आणि पडून राहिला. पैसा नव्हता. त्याला हलवलं ते वाजूतल्या माणसांनी. आनपाची परगण्यातला कातानो मानेमोन हा त्यांच्यातला एक पुढारी. अशा लोकांनी संघटना बांधल्या, अर्ज केले, वरिष्ठांच्या दारी खेटे घातले. मंत्रालयानं १८८४ मध्ये द रायकेला पूर्ण योजना करायला सांगितलं. दोन वर्षांत ती झाली. मोजणी आणि नकाशे जपानी अभियंत्यांनी केले. १८८७ मध्ये फावडं पडलं.

फारकत

योजना ऐकायला सोपी : तिघींना तीन पात्रं द्या आणि समुद्रापर्यंत भेटू देऊ नका. प्रत्यक्षात किसोसाठी तात्सुता वाजूच्या पोटातून नवं पात्र काढायचं होतं आणि नागारासाठी ताकासु वाजूच्या. किसोचा साया नावाचा फाटा कायमचा बुजवायचा होता. मुखाशी समुद्रात लांब दगडी भिंती घालायच्या होत्या, म्हणजे नद्या आपला गाळ खोल पाण्यापर्यंत स्वतः वाहून नेतील. त्या भिंतींखाली पुन्हा काटक्यांच्याच गाद्या.

यात ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडे द रायकेच्या गोष्टी सांगणारे सहसा बघत नाहीत. ज्या वाजूंनी पिढ्यान्‌पिढ्या नदीला बाहेर ठेवलं, त्यांच्याच शेतांतून आता सरकार नदी नेणार होतं. गावं उठली. नदीकाठी आयुष्य काढलेल्या माणसाला इतरांच्या पुरासाठी तू ऊठ म्हणायचं, आणि ते म्हणणारा कागद एका परदेशी माणसानं लिहिलेला. धरणग्रस्त हा शब्द ज्या भाषेत रोजचा आहे, त्या भाषेच्या वाचकाला अधिक सांगायला नको.

काम चालू असताना २८ ऑक्टोबर १८९१ ला नोबीचा भूकंप झाला. जपानच्या भूमीवरच्या नोंदलेल्या भूकंपांत सगळ्यांत मोठ्यांपैकी हा एक, तीव्रता आठच्या आसपास आणि मृत्यू सात हजारांवर. नवे-जुने बांध चिरले, खचले. १८९६ मध्ये दोन मोठे पूर आले आणि ओगाकी शहर बुडालं. तिथल्या किल्ल्याच्या जोत्यावर त्या पाण्याची खूण कोरून ठेवली आहे. अर्धवट कामाच्या अंगावर आलेले हे पूर होते. योजना चुकली असं म्हणणाऱ्यांना तेवढं निमित्त पुरलं असतं, पण काम थांबलं नाही.

त्याच वर्षी नद्यांचा कायदा आला, पुढच्या वर्षी साबोचा आणि जंगलांचा. तोवरची वाटणी अशी होती की बोटी चालवण्यासाठी पात्र नीट ठेवायचं काम केंद्राचं आणि पूर अडवायला बांध उंच करायचं काम प्रांतांचं. डच अभियंते जलवाहतुकीच्याच मागे लागले, पुराकडे बघितलं नाही, अशी टीका जपानात होते. तिच्यात तथ्य आहे, पण पैसा कुठल्या खात्यातून येतो त्यावर अभियंत्याचा आराखडा ठरतो, हेही विसरू नये. किसोच्या योजनेत दोन्ही कामं एकत्र घातली होती आणि कायदा येण्याआधीच घातली होती.

२२ एप्रिल १९०० रोजी नद्या वेगळ्या झाल्याचा समारंभ झाला आणि त्याला पंतप्रधान यामागाता आरितोमो आला होता. उरलेलं काम १९१२ पर्यंत चाललं. एकूण खर्च सुमारे ९७ लाख येन, त्या काळच्या राज्याच्या अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा.

नद्या वेगळ्या केल्यावर एक जुनी सोय गेली. पूर्वी होडी किसोतून नागारात सहज शिरायची, आता मध्ये बांध. मग सेन्दोहिरा इथं जलपाश बांधला, १९०२ मध्ये पुरा झाला, आणि तो अजून चालतो. त्याची दारं बघण्यासारखी आहेत. साधारण जलपाशाला दोन टोकांना दारांची एकेक जोडी असते, कारण वरची बाजू कुठली हे पक्कं असतं. इथं दोन्ही टोकांना दोन-दोन जोड्या आहेत, उलट दिशांना तोंड केलेल्या. आज किसो वर असेल, उद्या नागारा, आणि भरती आली तर आणखी तिसरंच. चार-आठ-बाराचा हिशेब लाकूड-लोखंडात उतरवलेला. याच जलपाशाच्या बागेत द रायकेचा पुतळा आहे, १९८७ मध्ये उभारलेला.

माणसाचं काय झालं

१८८१ मध्ये त्याची बायको जपानातच वारली, मुलं लहान होती. मधे रजेवर मायदेशी गेला, दुसरं लग्न केलं आणि परत आला. बाकीचे डच एकेक करून गेले. फान दोर्नचं नोबिरु बंदर १८८४ च्या वादळानं उद्ध्वस्त केलं आणि ते कायमचं सोडून द्यावं लागलं. योकोहामाच्या बंदरासाठी डच आराखडा बाजूला ठेवून इंग्रज पामरचा घेतला गेला. त्यात बंदरापेक्षा परराष्ट्र खात्याचं राजकारण जास्त होतं. पुढे त्या कामातले काँक्रीटचे ठोकळे तडकले, तेव्हा द रायकेला काय वाटलं असेल ते वाचकानं ताडावं.

१८९१ मध्ये चौथ्या श्रेणीच्या या माणसाला उपमंत्र्याच्या तोडीचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी तोयामा प्रांतात जोगान्जी नदीनं हाहाकार केला आणि त्याला तिकडे पाठवलं. ही नदी तीन हजार मीटरच्या पर्वतातून निघून अवघ्या ५६ किलोमीटरांत समुद्राला मिळते. १८५८ च्या भूकंपात तिच्या उगमाशी डोंगर कोसळला होता आणि तो राडारोडा दर पुराला खाली येत होता. 'ही नदी नव्हे, हा धबधबा आहे', हे तिच्याबद्दलचं वाक्य जपानात शाळकरी पोरांनाही पाठ असतं आणि ते द रायकेच्या नावावर खपतं. अभ्यासकांना मात्र ते त्याचं असल्याबद्दल शंका आहे, आणि तसं बोलणं तोयामाच्या अधिकाऱ्यांच्या अर्जातही सापडतं. एवढं चपखल वाक्य कुणाच्या तरी नावावर जाणारच होतं, आणि परदेशी पाहुण्याच्या नावावर ते जास्त शोभतं. तिथं त्यानं केलेलं काम याहून रुक्ष आणि याहून मोलाचं आहे : शेतीसाठी बांध फोडून नेलेले कालवे एकत्र करून त्यांना वर एकच तोंड दिलं. बांधाला जितकी भोकं कमी, तितका तो टिकतो.

एव्हाना पॅरिसला शिकून आलेले फुरुइची कोइ आणि ओकिनो तादाओ खात्यात वर आले होते. योदोचं पुढचं मोठं काम ओकिनोनं केलं. शिकवणाऱ्याची गरज संपणं हेच या नोकरीचं यश, आणि तीच तिची अखेर. १९०३ मध्ये, तीस वर्षांनी, सम्राटाचं मानचिन्ह घेऊन द रायके जपान सोडून गेला. पुढे शांघायला ह्वांगपू नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळावर काही वर्षं काम केलं, तिथंही तेच दांडे आणि त्याच गाद्या. २० जानेवारी १९१३ रोजी ॲमस्टरडॅममध्ये वारला, किसोचं काम संपल्याच्या पुढच्याच वर्षी.

पाणी परत आलं तेव्हा

फारकत टिकली. पूर कमी झाले, भात पिकू लागला, होड्या आढ्यावरून उतरल्या. आणि मग वाजूचे बांध अडचणीचे वाटू लागले. रस्ता सरळ न्यायचा तर मध्ये बांध, शेतं सलग करायची तर मध्ये बांध. नदीचा मोठा बांध आहे ना, मग गावाचा कशाला? ठिकठिकाणी ते कापले, सपाट केले, माती भरावाला नेली. त्यात कारखान्यांनी भूजल उपसलं आणि खालचं मैदान आणखी खचलं. सप्टेंबर १९५९ मध्ये इसे उपसागराच्या वादळानं समुद्रच आत आणला. देशभरात मृत आणि बेपत्ता मिळून ५०९८ माणसं, त्यांतली बहुतेक याच उपसागराभोवतीची. नद्या वेगळ्या करण्याच्या योजनेत समुद्राच्या अशा चालून येण्याला उत्तर नव्हतं, तो तिचा प्रश्नच नव्हता.

१९७६ ची गोष्ट मात्र नदीचीच आहे. सप्टेंबरात दिवसचे दिवस पाऊस पडला, नागारा तट्ट फुगून राहिली आणि १२ तारखेला सकाळी आनपाची गावापाशी उजवा बांध फुटला. मेजी काळापासूनचा तो मुख्य बांध, ज्याच्या भरवशावर आतले बांध काढले होते. पाणी दक्षिणेला वानोउचीकडे सुटलं. वानोउचीनं आपला जुना वाजू बांध मोडला नव्हता. रस्त्यांसाठी त्यात खिंडी ठेवल्या होत्या, एवढंच. गावकऱ्यांनी धावपळ करून त्या खिंडींच्या खाचांत फळ्या बसवल्या, मागे मातीची पोती रचली. बांधाच्या एका अंगाला आनपाचीची घरं पाण्यात उभी होती आणि दुसऱ्या अंगाला वानोउचीचं भातशेत, कोरडं.